पिसतो कोण, काटतो कोण?

नाशिकच्या सिडकोत मावशीकडे गोकुळाष्टमीच्या रात्री पत्त्यांचा डाव बसतो. जागरण असतं, सुंठवडा असतो आणि पैशांऐवजी चिंचोके असतात. मावशीचा नियम एकच, पण कडक: ज्याने पानं पिसली त्याने काटायची नाहीत. पिसून झालं की कॅट डावीकडच्या माणसापुढे ठेवायचा, त्याने काटायचा, मगच वाटप. पोटच्या पोराने पिसले तरी काटल्याशिवाय मावशी पानाला हात लावत नाही. "विश्वास नाही म्हणून नाही रे," ती म्हणते, "नंतर भांडण नको म्हणून."

२०२५ च्या अष्टमीला हाच पोरगा, म्हणजे माझा मावसभाऊ, चिंचोक्यांच्या डावात बसलाच नाही. कोपऱ्यात मोबाइल घेऊन पोकर खेळत होता. थोड्या वेळाने उठून माझ्याजवळ आला. "दादा, हे बघ. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची. सगळे पैसे लावले, आणि शेवटच्या पानाला राजा! हे ॲपवालेच पाडतात. सगळं सेट असतं."

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात लॉटरीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत काहीही आकड्यांचं निघालं की ते माझ्याकडे येतं. त्याला त्या रात्री जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट मांडतो. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो: ऑनलाइन पोकरमध्ये पत्ते पिसण्यातच लबाडी असेल, ही शक्यता सगळ्यात कमी. फसवणूक झाल्याची मोठी प्रकरणं आहेत, आणि ती भयंकर आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांत पानं सरळच पडत होती. गडबड दुसरीकडे होती.

पोकर माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. सगळ्यात चालणाऱ्या प्रकारात, म्हणजे टेक्सास होल्डेममध्ये, प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतली उत्तम पाच पानं म्हणजे आपला हात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पानं टाकून बाजूला व्हायचं. आपल्या तीन पत्तीचा हा लांबचा, जास्त विचार करायला लावणारा भाऊ.

आता पिसण्याकडे येऊ. ५२ पानं किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात? ८ लिहून त्यापुढे ६७ शून्यं द्या, साधारण तेवढ्या. हा आकडा डोक्यात मावत नाही, माझ्याही नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की मावशीच्या घरी नीट पिसलेला कॅट ज्या क्रमाने लागतो, तो क्रम जगात याआधी कधीच लागलेला नसणार.

संगणकाला मात्र हे जमवायला त्रास होतो. त्याला हात नाहीत, आणि तो मुळात हिशेबी प्राणी. त्याला 'काहीतरी आकडा सांग' म्हटलं तर तो एक सुरुवातीचा आकडा घेतो, त्यावर ठरलेली आकडेमोड करतो आणि यादृच्छिक वाटणारे आकडे देत राहतो. त्या सुरुवातीच्या आकड्याला आपण बीज म्हणू. बीज तेच तर पीक तेच, एका पानाचाही फरक नाही. म्हणजे बीज ज्याला कळलं त्याला अख्खा कॅट कळला.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. खऱ्या पैशांचं ऑनलाइन पोकर १९९८ मध्ये प्लॅनेट पोकर या साइटवर सुरू झालं. त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने लोकांचा विश्वास बसावा म्हणून पिसण्याचा कोड जाहीरच करून टाकला. हेतू चांगला होता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी तो वाचला आणि त्यांना दोन भोकं सापडली.

पहिलं भोक गणिताचं, आणि ते तीन पानांवर घरी करून बघता येतं. एक्का, राजा, राणी घ्या. पहिल्या जागेवरचं पान तिन्हीपैकी कुठल्याही जागेशी बदला, मग दुसऱ्या जागेवरचं, मग तिसऱ्या. पिसणं झकास झालं असं वाटतं. पण असं करण्याचे एकूण मार्ग ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७. आणि तीन पानांचे क्रम फक्त ६. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणजे सहा क्रमांना सारखा वाटा मिळणं शक्यच नाही. मोजलं तर तीन क्रम पाच-पाच वेळा येतात आणि तीन क्रम चार-चार वेळा. कॅट असा पिसला तर काही क्रम लाडके ठरतात. बरोबर पद्धत सोपी आहे: पहिल्या जागेसाठी तिघांतून एक उचला, दुसऱ्या जागेसाठी उरलेल्या दोघांतून एक, राहिलेलं तिसऱ्या जागी. ३ गुणिले २ गुणिले १, सहाच मार्ग, सहाही सारखे. ही पद्धत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडली होती, तेव्हा त्यांच्यापुढे पत्ते नव्हते, शेतीच्या प्रयोगांसारखी कामं होती. वर्गात हे शिकवताना मी कॅट घेऊनच जातो. एकदा प्राचार्यांनी दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

दुसरं भोक बीजाचं होतं आणि ते जास्त महाग पडणारं. त्या सॉफ्टवेअरचं बीज ३२ बिटांचं होतं, म्हणजे फार तर ४२९ कोटी वेगवेगळे कॅट निघू शकत. ६७ शून्यांपुढे ४२९ कोटी म्हणजे काहीच नाही. त्यातही बीज घेतलं जायचं घड्याळातून: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, त्याहून जास्त कॅट निघणारच नाहीत. आणि साइटच्या सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घेतलं की शक्यता उरल्या जेमतेम दोन लाख. मग आपली दोन झाकलेली पानं आणि टेबलावरची पहिली तीन उघडी पानं ज्या कॅटशी जुळतील तो शोधायचा. साध्या संगणकाला हे डाव चालू असतानाच जमलं. समोरच्यांच्या हातात काय आहे आणि पुढची दोन पानं कोणती, दोन्ही पडद्यावर. त्या तज्ज्ञांनी लुबाडलं नाही, कंपनीला कळवलं आणि जगाला सांगितलं.

त्यानंतर मोठ्या कंपन्या सुधारल्या. घड्याळाऐवजी खरोखरचा गोंधळ वापरू लागल्या. पोकरस्टार्सने खेळाडूंच्या माउसची हालचाल आणि प्रकाशकणांवर चालणारं एक यंत्र, असे दोन स्रोत एकत्र केले. त्या यंत्रात प्रकाशाचा एक कण अर्धपारदर्शक आरशावर येतो. आरपार गेला तर शून्य, परत फिरला तर एक. तो काय करेल हे आधी सांगता येत नाही, निसर्गालाही नाही, असं आजचं भौतिकशास्त्र म्हणतं. शिवाय आयटेक लॅब्स, जीएलआय यांसारख्या तपासणी कंपन्या ही आकडे काढणारी यंत्रणा तपासून प्रमाणपत्र देतात.

ते प्रमाणपत्र ॲपच्या पहिल्याच पानावर झळकत असतं आणि माझ्या मावसभावासारखी माणसं ते पाहून निर्धास्त होतात. त्यात काय लिहिलंय ते बघायला हवं. आकडे यादृच्छिक आहेत, एवढंच. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधून निघालेली नोट शंभर टक्के खरी असते. ती रविवार कारंजावरच्या गर्दीत खिशात राहील की नाही, याच्याशी प्रेसचा संबंध नाही.

मग एक्क्यांची जोडी हरली ती का? एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर आली तर शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकते. म्हणजे १८ वेळा हरते. साडेपाच वेळांत एकदा. नाशिकच्या आकाशाकडे बघून 'आज पाऊस यायची शक्यता १८ टक्के' असं कोणी सांगितलं आणि पाऊस आला, तर आपण वेधशाळेवर खटला भरत नाही.

यात वेगाचा मुद्दा फार मोठा आहे आणि तो कोणी सांगत नाही. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. समोरासमोर बसून, हाताने वाटून तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे सात तासांनी एकदा एक्के. मोबाइलवर एका टेबलाचे तासाला सत्तर डाव सहज होतात, आणि हा एका वेळी चार टेबलं उघडून बसतो. तासाला २८० डाव. तासाला एकदा एक्के, कधी दोनदा. जे दुःख घरच्या डावात वर्षातून एकदा वाट्याला यायचं, ते आता आठवड्यात तीनदा येतं. दुःखाचं प्रमाण तेच आहे, फक्त ते तासामागे नऊपट वेगाने येतंय.

तरीही तो ऐकेना. "तू गणित सांगतोस, मी भोगतोय." मग मी त्याला ॲपकडून ईमेलवर डावांची नोंद मागवायला लावली. ६,१८८ डाव निघाले. कोणत्याही दोन सारख्या पानांची जोडी १७ डावांत एकदा यायला हवी, म्हणजे ३६४ वेळा. आली होती ३७१ वेळा. एक्क्यांची जोडी २८ वेळा यायला हवी. आली २५ वेळा. एवढ्या डावांत ती १८ ते ३८ च्या मध्ये कितीही वेळा आली तरी संशय घेण्यासारखं काही नाही. अपेक्षित आकड्याभोवती एवढा हेलकावा असतोच. आणि त्या २५ पैकी तो हरला होता पाच वेळा. त्या पाचही वेळा त्याला तारखेसकट आठवत होत्या. जिंकलेल्या वीसपैकी विचारलं तर दोन आठवल्या, त्याही धूसर.

इथपर्यंत मी ॲपचा वकील झाल्यासारखा वाटत असेन. आता उलट बाजू.

मी जे मोजलं त्यातून पानं सरळ वाटली गेली एवढं दिसतं. ती वाटताना कोणी चोरून बघितली का, हे त्यातून कधीच दिसणार नाही. पिसण्याची परीक्षा वेगळी, डोकावण्याची वेगळी. मावशीच्या घरी सगळ्यांची पानं एका माणसाला दिसतात असं होत नाही. ॲपवर होतं. कॅट सर्व्हरवर असतो, आणि सर्व्हरला कोणाच्या हातात काय आहे हे माहीत असावंच लागतं, नाहीतर जिंकलं कोण हे तो ठरवणार कसं? प्रश्न एवढाच की त्या खोलीची किल्ली कोणाकोणाकडे आहे.

२००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर एका स्पर्धेत पॉटरिपर नावाच्या खात्याने पहिला नंबर काढला. शेवटच्या डावात त्याच्या हातात जोडीही नव्हती, सगळ्यात मोठं पान दश्शी. समोरच्याने सगळे पैसे पुढे सरकवले. दश्शीवर कोण शहाणा माणूस तिथे थांबेल? हा थांबला, आणि समोर निघाली नश्शी. हरलेल्याला हे खटकलं. त्याने कंपनीकडे डावांची नोंद मागितली. कंपनीतल्या कोणीतरी त्याला चुकून भलतीच फाइल पाठवली, ज्यात त्या स्पर्धेतल्या सगळ्या खेळाडूंची झाकलेली पानंही होती.

खेळाडूंनी ती फाइल डाव न् डाव वाचली. पॉटरिपरने सुरुवातीचे दोन डाव टाकून दिले होते. मग टेबलावर एक प्रेक्षक खातं येऊन बसलं, आणि त्यानंतर वीसेक मिनिटं त्याने एकही डाव सुरुवातीला सोडला नाही. सोडला तो नेमका समोर कोणाकडे राजांची जोडी आली तेव्हा. त्या प्रेक्षक खात्याचा माग काढत गेलं तर तो थेट कंपनीपर्यंत पोचला. प्रेक्षकाला सगळ्यांची पानं दिसत होती.

वर्षभरात तिची भावंड साइट अल्टिमेटबेट सापडली. तिथे हे बरीच वर्षं चाललं होतं. कॅनडातल्या मोहॉक लोकांच्या प्रदेशातला काह्नवाके गेमिंग कमिशन हा त्यांचा नियामक. त्याने चौकशी करून मुख्य सूत्रधार म्हणून रस हॅमिल्टनचं नाव घेतलं. हा माणूस १९९४ चा पोकरचा जगज्जेता होता, कोणी भुरटा नव्हे. खेळाडूंना सुमारे २ कोटी २० लाख डॉलर परत द्यावे लागले. तिथेही पानं पिसण्यात खोट नव्हती. ते चोर सापडले ते एकाच गोष्टीमुळे: ते फार जिंकत होते. कितीही नशीबवान माणूस हजारो डावांत जिंकू शकेल त्याच्या पलीकडे त्यांचा आलेख गेला होता. थोडं कमी हावरट असते, मधूनमधून मुद्दाम हरले असते, तर? हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो, कारण संख्याशास्त्राकडे त्याचं उत्तर नाही.

कंपनीला पानं दिसणारच नाहीत असा खेळ मुळात करता येईल का? येतो. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वात सुंदर वाटते. १९७९ मध्ये शामीर, रिव्हेस्ट आणि एडलमन या तिघांनी ती दाखवली. हे तेच तिघे, ज्यांच्या आडनावांवरून आरएसए हे संदेश सांकेतिक करायचं गणिती कुलूप ओळखलं जातं.

समजा मी नाशिकरोडला आणि मित्र दादरला. मध्ये पंचवटी एक्स्प्रेस. मी ५२ सारखे डबे घेतो, प्रत्येकात एक पान ठेवतो, प्रत्येकाला माझं कुलूप लावतो, डबे मिसळतो आणि सकाळच्या पंचवटीने पाठवतो. मित्राला आत काय आहे दिसत नाही. तो कुठलेही दोन डबे उचलून संध्याकाळच्या गाडीने परत पाठवतो. ते माझे. मी उघडतो, बघतो. मग तो स्वतःसाठी दोन डबे निवडतो, त्यांना माझ्या कुलपाशेजारी आपलंही कुलूप लावतो आणि पाठवतो. मी फक्त माझं कुलूप काढतो. त्याचं लागलेलंच असतं, त्यामुळे मला आत डोकावता येत नाही. डबे परत दादरला, तिथे तो आपलं कुलूप काढतो. दोघांना पानं मिळाली, कोणी कोणाची पाहिली नाहीत, आणि वाटणारा तिसरा माणूस लागलाच नाही. मावशीच्या भाषेत, पिसलं मी, काटलं त्याने.

गाडीच्या फेऱ्यांऐवजी गणिती कुलपं घ्या आणि हे इंटरनेटवर होतं. मग सगळे असंच का खेळत नाहीत? एक तर हे संथ. दुसरं म्हणजे डाव अर्धा असताना कोणाचं नेट गेलं की त्याची किल्लीही गेली आणि त्याच्या कुलपातली पानं अडकली. काही साइट मधला मार्ग काढतात: डावाआधी कॅटच्या क्रमाचा गणिती ठसा जाहीर करायचा, सीलबंद पाकिटासारखा, आणि नंतर पाकीट फोडून दाखवायचं. यामुळे कॅट मधे बदलला नाही हे सिद्ध होतं. पण पाकीट ज्याने भरलं त्याने आत बघितलेलं असतंच, म्हणजे डोकावण्याचा प्रश्न जिथल्या तिथे.

आणि शामीर आणि मंडळींची कुलपंही एका गोष्टीपुढे हतबल आहेत: टेबलावरच्या दोघांनी आपापली कुलपं उघडून एकमेकांना फोनवर पानं सांगितली तर?

रोजच्या रोज होणारी लबाडी ही आहे, आणि ती कंपनी करत नाही, शेजारी बसलेले करतात. कांद्याच्या लिलावात शेतकऱ्याला भीती कशाची असते? काटा खोटा असण्याची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती अशी की बोली लावणाऱ्या चौघांनी चहाच्या टपरीवर आधीच भाव ठरवला असेल. लिलाव उघड्यावर, आवाज मोठा, सगळं नियमात, आणि तरी खेळ आधीच झालेला. सहा जणांच्या पोकर टेबलावर तिघे एकाच खोलीत बसले असतील तर त्यांना सहा झाकलेली पानं माहीत आहेत, तुम्हाला दोन. ते तुम्हाला दोन्ही बाजूंनी बोली वाढवत मधे चिरडू शकतात. चांगल्या कंपन्या यावर लक्ष ठेवतात: एकाच वायफायवरून आलेली खाती, एकमेकांविरुद्ध कधीच पैसे न लावणारी खाती. पण दोन वेगळी सिमकार्डं घेऊन बसलेले दोन मित्र पकडणं अवघड असतं.

त्यात आता यंत्रं आली. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने पोकरचा एक साधा, दोघांचा प्रकार जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने चार नामांकित खेळाडूंना १ लाख २० हजार डावांत हरवलं. आणि २०१९ मध्ये प्लुरिबस आला, जो सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना भारी पडला. त्याला शिकवायला संगणकाचा जो वेळ लागला त्याचा खर्च होता दीडशे डॉलरच्या आत. मावसभावाचा मोबाइल त्याहून महाग आहे. हे बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, पानं चोरत नाहीत, नुसतं आपल्याहून चांगलं खेळतात. रात्री दोन वाजताही, न चिडता.

कंपनीला स्वतः लबाडी करण्यात काय फायदा, हेही एकदा बघून घ्यावं. सरळ चालणारी कंपनी कोणाविरुद्ध खेळत नाही. प्रत्येक डावातल्या जमलेल्या पैशांतून ती आपला कट कापून घेते, ज्याला रेक म्हणतात. जिंको कोणीही. समजा सहा जण दहा-दहा हजार घेऊन बसले, म्हणजे टेबलावर ६० हजार. डावात सरासरी ५०० रुपये जमतात, रेक ५ टक्के, म्हणजे २५ रुपये. तासाला ६० डाव धरले तर १,५०० रुपये. कोणी नवे पैसे आणले नाहीत तर चाळीस तासांत टेबल रिकामं, सगळे ६० हजार कंपनीच्या खिशात, आणि एकाही पानात लबाडी नाही. एवढं दूध देणारी म्हैस कोण कापेल? म्हणून मी म्हणतो की मोठी कंपनी पानं सहसा पाडत नाही. मात्र एखादी कंपनी आपलेच बॉट टेबलावर बसवू लागली तर हा सगळा युक्तिवाद कोसळतो. मग ती रेफरी राहत नाही, खेळाडू होते, आणि तेही सगळ्यांची पानं दिसणारी.

राहिले तुमचे जमा पैसे. २०११ मध्ये अमेरिकेने मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली तेव्हा फुल टिल्ट पोकरचं भांडं फुटलं. खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं, आणि बँकेत होते ६ कोटी. पडद्यावर प्रत्येकाला आपली शिल्लक अगदी बरोबर दिसत होती. पुढे पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून ती कंपनी घेतली, तेव्हा पैसे परत मिळण्याची वाट मोकळी झाली.

आपल्याकडचा हिशेब २०२५ च्या ऑगस्टमध्ये बदलला. त्याआधी भांडण कौशल्य की नशीब यावर चालायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला होता, आणि पोकरवालेही त्याच छत्रीखाली उभे राहू पाहायचे. २० आणि २१ ऑगस्टला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणंच बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. पण देशातल्या मोठ्या ॲप्सनी पैशांची टेबलं लगेच बंद केली. अष्टमीला ज्या ॲपवर राजा पडला होता, ते आठवड्याभरात थंड झालं, आणि शिल्लक पैसे त्यांनी मुकाट परत केले. मावसभावाला तेव्हा पहिल्यांदा त्या ॲपबद्दल आदर वाटला.

दिवाळीत तो पुन्हा आला. कोणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली होती, प्ले स्टोअरवर नसलेलं एक ॲप. "दादा, यांच्याकडेही सर्टिफिकेट आहे." प्रमाणपत्राचं चित्र होतं खरं. त्यावर टिचकी मारली तर कुठेच जात नव्हतं. कंपनीचा पत्ता शोधला, नव्हता. नियामक कोण, नव्हता. डावांची नोंद मागवायची सोय, नव्हती. पैसे भरायचे ते दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआय खात्यावर. पानं सरळ पडतात का ते तपासायला माझ्याकडे आकडेच नव्हते, आणि गडबड निघाली तर तक्रार करायची ती कोणाकडे?

मी म्हटलं, टाकलेले काढून बघ. त्याने २,३०० रुपये काढायला टाकले. मदत-खिडकीत कोणीतरी 'तुमची विनंती महत्त्वाची आहे' असं पाच वेळा, अक्षरही न बदलता लिहिलं. आज सकाळी चहाला भेटला तेव्हा मी विचारलं. त्याने मोबाइल पुढे केला. स्टेटस अजून 'प्रोसेसिंग'.